सतरा हिरवी वाक्ये

नदीकाठच्या एका शहरात, जुन्या बसस्थानकामागच्या गल्लीत, एक लहानशी सॉफ्टवेअर कंपनी होती. तिथे बारा माणसे काम करत. त्यांतली एक वैजयंती गायधनी. तिचे काम तपासणीचे. प्रोग्रामर जे बांधून देत, ते सांगितल्यासारखे चालते की नाही हे ती पाही, आणि चालत नसेल तर तोंडावर सांगे. तिच्या शब्दाला कंपनीत वजन होते. वैजयंतीने "झालं" म्हटले, की ते झालेलेच असे.

कंपनीचे मालक भालचंद्र ओढेकर. त्यांनी एकदा चांगलेच हात पोळून घेतले होते. एका दवाखान्यासाठी त्यांनी पेशंटचे नंबर लावणारे सॉफ्टवेअर केले. डॉक्टर म्हणाले होते, "वयस्कर माणसांना आधी घ्या." प्रोग्रामरने तसेच केले. पहिल्याच सोमवारी तापाने फणफणलेले एक मूल आईच्या मांडीवर दोन तास बसून राहिले, कारण म्हातारी माणसे येतच राहिली. डॉक्टर म्हणाले, "एवढं तर कुणालाही कळतं." प्रोग्रामर म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही." दोघेही खरे बोलत होते.

त्यानंतर ओढेकरांनी कामाची रीत बदलली. सॉफ्टवेअर लिहायच्या आधी त्याची वागणूक लिहायची. तीही साध्या मराठी वाक्यांत. अशी परिस्थिती असताना, अमुक घडले, तर तमुक झाले पाहिजे. ज्याला ते सॉफ्टवेअर वापरायचे आहे, त्याला समोर बसवून ही वाक्ये लिहायची. त्याने, प्रोग्रामरने आणि तपासणाऱ्याने ती एकत्र वाचायची आणि तिघांनीही मान्य करायची.

मग एक टूल ती वाक्ये एकामागून एक घेई, आणि सॉफ्टवेअर खरोखर तसे वागते का, हे रोज आपणहून चालवून पाही. वागले तर वाक्य हिरवे होई. नाही वागले तर लाल. पण टूलला मराठी समजत नसे. प्रत्येक वाक्य कसे तपासायचे, याचा छोटा कोड वैजयंतीला त्या वाक्याखाली लिहून द्यावा लागे. तो लिहिलेला नसेल, तर वाक्य पिवळे राही. पिवळ्याचा अर्थ एवढाच, की हे अजून तपासायचे बाकी आहे.

कचेरीच्या भिंतीवर एक मोठा पडदा लावला होता. त्यावर ही सगळी वाक्ये आपापल्या रंगात दिसत.

पुढे कंपनीला लहान मुलांच्या एका रुग्णालयाचे काम मिळाले. काम मोठे जबाबदारीचे होते. डॉक्टरांनी औषध लिहिले, की मुलाचे वजन पाहून, त्याला ते किती द्यायचे हे सॉफ्टवेअरने नर्सला सांगायचे. तोवर नर्स हा हिशेब कागदावर करत. एकीने करायचा, दुसरीने वेगळा करून पाहायचा, दोघींचे जुळले की सह्या करायच्या आणि मगच इंजेक्शन भरायचे.

रुग्णालयाकडून वाक्ये सांगायला साळवे सिस्टर येत. मार्था साळवे त्यांचे नाव. मुलांच्या वॉर्डात त्यांची एकतीस वर्षे गेली होती. दर गुरुवारी दुपारची ड्यूटी संपवून त्या कंपनीत येत, चपला दाराशी काढत आणि वैजयंतीच्या शेजारी खुर्ची ओढून बसत. त्या कमी बोलत, पण नेमके बोलत.

पहिल्याच दिवशी वैजयंतीने लिहिले: "डॉक्टरांनी औषध लिहिले, की नर्सला योग्य मात्रा दिसली पाहिजे."

सिस्टरांनी ते वाचले आणि विचारले, "योग्य म्हणजे किती?"

"म्हणजे बरोबर असेल तेवढी."

"बरोबर हा आकडा नाही. आकडा लिही."

तेव्हापासून वैजयंतीच्या वाक्यांत आकडे आले. तिला हे काम आवडू लागले. सिस्टर एखादा प्रसंग सांगत, ती त्याचे वाक्य करी, आणि प्रोग्रामर इरफान तांबोळी त्या वाक्याप्रमाणे सॉफ्टवेअर बांधत जाई. मोठ्या मुलांचे वजन जवळच्या पूर्ण किलोत धरतात, असे सिस्टरांनी सांगितले होते. इरफानने तसे केले. एकेक वाक्य पिवळ्याचे हिरवे होत गेले. काही आधी लाल झाली, इरफानने सॉफ्टवेअर दुरुस्त केले, मग हिरवी झाली. चार महिन्यांत एकशे सत्त्याण्णव वाक्ये हिरवी झाली, आणि त्यांतले प्रत्येक खरोखर तपासलेले होते.

सर्वांत शेवटी नवजात बाळांची वाक्ये आली. दिवस भरण्याआधीच जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली बाळे. त्यांच्याबद्दल सांगताना सिस्टर प्रत्येक शब्द तोलून सांगत. "आजचं वजन घेतलेलं नसेल, तर औषधाचा आकडा दिसताच कामा नये. कालचं वजन चालणार नाही. ही बाळं एका दिवसात बदलतात." अशी एकूण सतरा वाक्ये झाली. इरफानने सॉफ्टवेअरमध्ये जे करायचे ते केले. वैजयंतीची तपासणी तेवढी राहिली. प्रत्येक वाक्यासाठी संगणकात एक खोटे बाळ तयार करावे लागे. त्याची जन्मवेळ, रोजचे वजन, आधी दिलेली औषधे, सगळे भरावे लागे. एकेका वाक्याला अर्धा दिवस जाणार होता.

बुधवारी ओढेकर तिच्या टेबलाशी आले.

"शनिवारी रुग्णालयाचे विश्वस्त येताहेत. भिंतीवर पिवळं दिसलं तर विचारतील."

"विचारलं तर सांगू, सर. सतरा बाकी आहेत."

"सांगणं एवढं सोपं नसतं. बघ काय जमतं ते."

ते निघून गेले. खोटे कर, असे ते म्हणाले नव्हते. पण खरे काय आहे ते सांग, असेही म्हणाले नव्हते.

वैजयंतीने दोन दिवस मान वर न करता काम केले. पहिले खोटे बाळच नीट जमेना. वजन भरले की जन्मवेळ चुके, जन्मवेळ बसवली की आधीची औषधे पुसली जात. शुक्रवारी दुपारी चार वाजता सतराच्या सतरा वाक्ये पिवळीच होती. समोरच्या पडद्यावर खालच्या बाजूला तेवढाच पिवळा पट्टा दिसत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे आणि मग तिच्याकडे पाहतो आहे, असे तिला वाटू लागले.

टूलचा एक स्वभाव तिला ठाऊक होता. वाक्याखाली कोड लिहिलेलाच नसेल, तर ते वाक्य पिवळे दाखवी. पण वाक्याखाली कोडची नुसती रिकामी चौकट ठेवली, आत काहीच न तपासता, तर टूलला तक्रार करण्यासारखे काही सापडत नसे. मग ते वाक्य हिरवे होई.

तिने सतरा रिकाम्या चौकटी केल्या. चार मिनिटे लागली. सोमवारी भरू, असे तिने स्वतःला सांगितले. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. इरफान उठून पडद्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जमवलंस तू." तिने मान हलवली. त्या संध्याकाळी घरी जाताना तिला आनंद झाला नाही, पण दुःखही झाले नाही. फक्त थकवा आला होता.

शनिवारी विश्वस्त आले. ओढेकरांनी त्यांना पडद्यासमोर उभे केले. दोनशे चौदा वाक्ये, दोनशे चौदा हिरवी. एका विश्वस्तांनी चष्मा लावून शेवटची काही वाक्ये मोठ्याने वाचली. ती नवजात बाळांचीच होती. "फार सूक्ष्म विचार केलाय," ते म्हणाले. ओढेकरांनी वैजयंतीकडे बोट केले. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती हसली.

सोमवारी दुसरे काम निघाले. मंगळवारी त्याच्यावर तिसरे आले. त्या सतरा वाक्यांची आठवण तिला होई, पण हळूहळू कमी होऊ लागली. पिवळा रंग असता, तर रोज सकाळी आत शिरताच डोळ्यांत खुपला असता. हिरवा रंग खुपत नव्हता. आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात तर कधी कधी तिला स्वतःलाच वाटे, की ते काम झालेले आहे.

सॉफ्टवेअर गुरुवारी सुरू व्हायचे ठरले. आदल्या दिवशी नर्सना ते शिकवायला वैजयंती रुग्णालयात गेली. वॉर्डात ती पहिल्यांदाच आली होती. आत उबदार होते आणि यंत्रांचा बारीक आवाज सोडला तर शांत होते. काचेच्या पेट्या ओळीने मांडल्या होत्या. पहिल्या पेटीत एक मुलगी होती. तिचा पंजा वैजयंतीच्या अंगठ्याएवढा होता. पेटीवर चिठ्ठी होती: दीड किलो.

टेबलाशी दोन नर्स हिशेब करत होत्या. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या, म्हणजे एकीचा कागद दुसरीला दिसू नये. झाल्यावर दोघींनी आकडे वाचले. जुळले. मगच त्यांनी सह्या केल्या.

वैजयंतीने तासभर सगळ्यांना शिकवले. शिकवून झाल्यावर साळवे सिस्टरांनी तिला बाजूला घेतले.

"एक विचारायचं होतं. या दोघींचा अर्धा दिवस कागदांत जातो. पेट्या नऊ आहेत, आणि हात तेवढे नाहीत. उद्यापासून कागद बंद करू का?"

वैजयंतीने टेबलाशी बसलेल्या त्या दोघींकडे पाहिले.

"तुमचं ते सगळं हिरवं झालंय ना? तू म्हणालीस तरच बंद करते."

"हो," वैजयंती म्हणाली. "हरकत नाही."

शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा तिलाच तो परका वाटला. सिस्टर लगेच वळल्या आणि टेबलाशी गेल्या. "उद्यापासून कागद नको गं," त्यांनी दोघींना सांगितले. धाकटी नर्स म्हणाली, "सुटलो बाई." तिने हिशेबाचे कोरे कागद गोळा केले, कडा नीट जुळवल्या आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले.

वैजयंती जिना उतरली. आवार ओलांडून फाटकापर्यंत आली. रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने विचारले, "कुठं?" कपाटाची वरची फळी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. इतकी वर्षे त्या बायकांनी एकमेकींकडे पाठ करून जी काळजी वाहिली, ती आत्ता तिच्या एका शब्दावर त्यांनी खाली ठेवली होती. आणि त्या शब्दाच्या मागे काही नव्हते, सतरा रिकाम्या चौकटी होत्या.

ती परत फिरली.  जिना चढताना एका पायरीवर ती थांबली. आता भरून टाकता येईल, कुणाला कळणारही नाही, असा विचार तिच्या मनात आला. काहीतरी कारण काढून आठ दिवस मागायचे, आणि गुपचूप भरायचे. पण मग कागद कपाटातच राहिले असते. सिस्टरांच्या मनात तिचा "हो" तसाच राहिला असता.

ती वॉर्डात गेली आणि सिस्टरांसमोर उभी राहिली.

"सिस्टर, उद्या सुरू करू नका. मी मघाशी खोटं बोलले."

सिस्टरांनी हातातली बाटली खाली ठेवली. "काय खोटं?"

"नवजात बाळांची सतरा वाक्यं मी तपासलेली नाहीत. हिरवी दिसावीत एवढंच केलंय. तीन आठवडे झाले."

दोन्ही नर्स ऐकत होत्या.  सिस्टर म्हणाल्या, "वाच."

"काय?"

"ती सतरा वाक्यं. वाचून दाखव."

वैजयंतीने मोबाइलवर ती काढली आणि वाचली. सगळी सिस्टरांच्याच तोंडची होती. तिच्या आवाजात ती आता वेगळी वाटत होती. सिस्टर उभ्यानेच ऐकत होत्या, पेटीच्या कडेवर हात ठेवून.

"मी ही एकेक सांगत होते, तेव्हा तू खाली मान घालून लिहीत होतीस," सतरावे संपल्यावर त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, चला, आता हे कुणाच्या तरी हातात आहे."

सिस्टरांनी धाकट्या नर्सला कागद परत काढायला सांगितले आणि त्या वरिष्ठ डॉक्टरांच्या खोलीकडे निघाल्या.

ओढेकरांना फोन गेला, तेव्हा ते अर्ध्या तासात आले. व्हरांड्यात त्यांनी वैजयंतीला गाठले. त्यांचा आवाज हळू होता.

"मला आधी सांगायचंस. सर्व्हर बिघडलाय म्हणून सांगितलं असतं. आठ दिवसांत भरून झालं असतं."

"तसं केलं असतं, सर, तर बाकीची एकशे सत्त्याण्णव खरी आहेत, हे तरी त्यांनी कशावरून मानायचं?"

"आणि आता मानतील?"

"ठाऊक नाही."

"बघ काय जमतं ते" म्हटल्याचा तो बुधवार ओढेकरांना आठवला की नाही, कोण जाणे. ते खोलीत गेले आणि डॉक्टरांसमोर त्यांनी दुसरे कुठलेच कारण सांगितले नाही. "तपासणी अपुरी आहे," एवढेच ते म्हणाले. सॉफ्टवेअर एक महिना पुढे ढकलले गेले. आणखी एक रुग्णालय बोलणी करत होते, त्यांनी ती थांबवली. वैजयंतीला कंपनीने ताकीद दिल्याचे पत्र दिले आणि तिची त्या वर्षीची बढती अडली. तिने पत्र वाचून सही केली. तक्रार केली नाही.

रुग्णालयात खरे सांगून आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिले काम केले ते सतरा चौकटी पुसण्याचे. पडद्यावर पिवळा पट्टा पुन्हा आला. इरफान आपली खुर्ची घेऊन तिच्या टेबलाशी आला. "खोटी बाळं मी तयार करतो," तो म्हणाला, "तू तपासणी लिही."

नऊ दिवस दोघे त्याच कामाला लागले होते. एकेका वाक्याचा पिवळा रंग जात गेला. बारा हिरवी झाली. पाच लाल झाली.

पाचांचेही कारण एकच निघाले. मोठ्या मुलांसाठी वजन जवळच्या पूर्ण किलोत धरायचे ठरले होते, आणि सॉफ्टवेअर सगळ्यांचेच वजन पूर्ण किलोत धरत होते. अठरा किलो चारशे ग्रॅमचे मूल अठरा किलोचे धरले, तर फारसे बिघडत नाही. पण दीड किलोचे बाळ सॉफ्टवेअर दोन किलोचे धरत होते. त्याला प्रत्येक औषध एक तृतीयांश जास्त गेले असते. सकाळी, संध्याकाळी, रोज.

इरफान पडद्याकडे पाहत बसला. "हे माझं आहे," तो म्हणाला. "मी लिहिलंय हे."

"तू मोठ्या मुलांचं लिहिलंस, ते बरोबर होतं," वैजयंती म्हणाली. "लहानांचं बघायचं काम माझं होतं."

त्याने दुरुस्ती केली. एका तासाचे काम होते. पाच वाक्ये हिरवी झाली. त्या वेळी पडद्यासमोर कुणी उभे राहिले नाही.

हे सिस्टरांना सांगायला वैजयंती स्वतः गेली. रविवारची दुपार होती. सिस्टर रुग्णालयाच्या मागच्या वसाहतीत एकट्या राहत. त्यांनी तिला आत घेतले, पाणी दिले आणि सगळे ऐकून घेतले. दीड किलोचे दोन किलो, एक तृतीयांश जास्त, हे सगळे. वैजयंतीला वाटले, आता त्या रागावतील. रागावल्या असत्या, तर तिला बरे वाटले असते.

"तीन आठवडे," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"माझी चोवीस वर्षं झाली."

वैजयंतीला समजले नाही. सिस्टर खिडकीकडे पाहत बोलू लागल्या. तेव्हा त्या धाकट्या नर्स होत्या. वॉर्डात एक बाळ होते, असेच दिवसांआधी आलेले. हिशेब दुसरीने केला होता. तपासून सही करायची होती यांनी. समोर तीन मुले रडत होती, बदली यायला उशीर झाला होता. त्यांनी कागद पाहिला नाही आणि सही केली. बाळाला चार दिवस दुप्पट औषध गेले. पाचव्या दिवशी जुना कागद हाती आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आकडा सुधारला. मागचे कुणाला सांगितले नाही. चौकशी झाली नाही, कारण कुणाला काही कळलेच नाही.

"जगलं ते बाळ," त्या म्हणाल्या. "पण त्याला ऐकू येत नाही. त्या औषधाने तसं होतं. भास्कर त्याचं नाव. आता गवंडीकाम करतो. त्याची आई, हिराबाई, दर दिवाळीला मला फराळ घेऊन येते. सिस्टरनी माझं लेकरू वाचवलं, असं सगळ्यांना सांगते. मी तो फराळ घेते."

त्यांनी वैजयंतीसमोरचा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"मी इतकी वर्षं त्या दोघींना पाठीला पाठ लावून बसवते," सिस्टर म्हणाल्या. "लोक म्हणतात, साळवे सिस्टर फार कडक. मला वाटायचं, एवढं केलं म्हणजे ते फिटलं. त्या दिवशी तू जिना चढून परत आलीस, तेव्हा कळलं, की नाही फिटलं."

वैजयंती म्हणाली, "मी तुमच्याबरोबर येऊ का?"

त्यांनी आधी नको म्हटले. मग म्हणाल्या, "ये. पण आत बोलू नकोस."

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने दोघी गेल्या. हिराबाईंचे गाव दीड तासावर होते. घर दोन खणी, पुढे पत्र्याची पडवी. हिराबाईंनी सिस्टरांना पाहिले आणि त्यांची धांदल उडाली. त्यांनी सतरंजी टाकली, चहा ठेवला, शेजारणीला हाक मारून "आमच्या सिस्टर आल्यात" असे सांगितले. भास्कर कामावर गेला होता. सिस्टर सतरंजीवर बसल्या नाहीत. त्यांनी हिराबाईंना खाली बसवले आणि स्वतः त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग त्यांनी सगळे सांगितले. औषध कोणते, किती द्यायचे होते, किती गेले, किती दिवस गेले, आणि तपासल्याची सही कुणाची होती. एकही गोष्ट मऊ करून सांगितली नाही.

वैजयंती पडवीत उभी होती. आत चुलीवर चहा उतू गेला, तरी कुणी उठले नाही.

हिराबाई रडल्या नाहीत. त्या ओरडल्याही नाहीत. पदराचे टोक बोटांना गुंडाळत त्या पुष्कळ वेळ बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्याच्या वेळी मी पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं. घरात पाणी नव्हतं, म्हणून मी विहिरीवर गेले. सासू मरेस्तोवर म्हणत राहिली, की तू ग्रहण पाळलं नाहीस म्हणून पोर बहिरं झालं."

त्यांनी वर पाहिले.

"चोवीस वर्षं, सिस्टर. मी तेच खरं धरून बसले होते."

सिस्टरांनी हात जोडले. हिराबाईंनी ते हात धरले नाहीत आणि झिडकारलेही नाहीत. त्या उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर ऊन होते. समोरच्या रस्त्याने एक बैलगाडी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत त्या तिकडे पाहत होत्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भास्कर संध्याकाळी येईल. थांबा. त्यालाही सांगा. त्याला हातांनी सांगावं लागतं, मी सांगेन कसं ते."

तात्पर्य: जे तपासले नाही, ते "तपासले" म्हणू नये, आणि तोंडून गेलेच, तर त्याच पावली परत फिरून खरे सांगावे. कारण आपल्या एका होकारावर कुणीतरी आपली काळजी खाली ठेवतो, आणि आपण न सांगितलेल्या चुकीचे ओझे कुणी निरपराध माणूस आपलेच समजून वाहत राहतो.